डिअर मिस्टर महादेव

रत्नागिरीत दुकानासाठी जागा शोधायला निघाले, तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची मी आधीच यादी करून ठेवली होती. पागडी किती देणार, माणसं कोण येणार, लाइटबिल कुणी भरायचं, मागच्या नळाचं पाणी लागेल का, माहेर कुठलं. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहिलेलं होतं. बाजारपेठेच्या मागच्या आळीतल्या या गृहस्थांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ओटीवर बसून सुपारी कातरत त्यांनी माझ्या सायबर कॅफेची सगळी योजना ऐकून घेतली आणि म्हणाले, "त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळता येतात म्हणे. खरं का गो?"

"येतात."

"यंत्राशीच खेळायचं, का समोर माणूस असतो?"

"इंटरनेट असलं तर माणसंही असतात. जगभरची."

अडकित्ता थांबला. "मग भाडं नको," ते म्हणाले. "पागडीही नको. एक कॉम्प्युटर रोज सकाळी दहा ते एक माझा. मी खेळतोय तोवर जागा तुझी. माझा खेळ संपला की जागा सोडायची."

मी हिशेबी बाई. म्हटलं, "लिहून द्याल?"

"आयुष्यभर बंदर खात्यात लोकांना लिहूनच दिलं. आता बोलून देतो."

अशी माझ्या दुकानाची सुरुवात झाली. आमच्या घरमालकांना मी 'मालक' म्हणायचे आणि ते मला 'बाई'. बंदर खात्यात ते कारकून म्हणून लागले आणि मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. दहाला पाच मिनिटं असताना ते मागच्या दारातून निघायचे, सगळ्या घराला वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात यायचे. मधलं दार उघडून एका पावलात येता आलं असतं. एकदा तसं सुचवलं, तर म्हणाले, "घरातून थेट पत्त्यांवर जायचं नसतं." याचा अर्थ मला पुढे कळला.

तीन नंबरचा कॉम्प्युटर त्यांनीच निवडला. तो कोपऱ्यात होता आणि खुर्चीमागे चिऱ्याची भिंत होती. म्हणजे मागून कुणी पानं बघण्याचा प्रश्न नाही. शेजारून बघू नये म्हणून ते वर्तमानपत्र उभं धरायचे. शेजारी एखादी मुलगी डी. एड. चा अर्ज भरत असली तरी वर्तमानपत्र उभंच.

"आजोबा, मला पत्ते येतच नाहीत," एकीने वैतागून सांगितलं.

"न येणाराच जास्त बघतो," मालक म्हणाले.

पान चांगलं आलं की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा. वाईट आलं तरी तसाच. मी विचारलं, "मालक, इथे तुमचं तोंड कुणाला दिसतंय?"

"यंत्राला काय काय दिसतं, ते तुला तरी ठाऊक आहे काय?"

मला ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट अख्ख्या कॅफेला ठाऊक होती. पानं वाईट असली की ते कटाकटा सुपारी कातरायचे आणि चांगली आली की अडकित्ता गप्प व्हायचा. दुकान एकदम शांत झालं, की लोक टायपिंग थांबवून तीन नंबरकडे बघायला लागायचे. चेहऱ्याचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाला हे कधीच कळलं नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही.

खेळ होता पोकर. मी त्यांना दोन-तीन साइट दाखवल्या होत्या, त्यातली एक छोटीशी त्यांना आवडली. नाव नोंदवायचा फॉर्म त्यांनी एका बोटाने स्वतः भरला. त्यात नावासाठी दोनच रकाने होते, एक 'फर्स्ट नेम' आणि एक 'लास्ट नेम'. आपल्याकडे नाव सांगायची रीत म्हणजे आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मालकांनी पहिल्या रकान्यात पहिलं, म्हणजे आडनाव घातलं. शेवटच्या रकान्यात शेवटचं, म्हणजे वडिलांचं, 'महादेव'. मधल्या नावाला रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साइटचा ईमेल आला. डिअर मिस्टर महादेव, आपलं स्वागत आहे.

"मालक, घोटाळा झाला. तुमचं नाव राहिलंच. मी दुरुस्त करते."

"थांब." त्यांनी चष्मा पुसला आणि ते पत्र पुन्हा वाचलं. मग इतके हसले, की पंच्याने डोळे टिपावे लागले. "अगो, अण्णांना पत्ते खेळायला बोलावतायत! राहू दे. अजिबात हात लावू नकोस."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊनही खूप वर्षं झाली होती. त्या दिवशी मालकांनी मला त्यांची एक जुनी हकिगत सांगितली. सोळा वर्षांचे असताना, गणपतीच्या दिवसांत, मालक याच ओटीवर चिंचोके लावून तीन पत्ती खेळत बसले होते. पैसे नव्हते, नुसते चिंचोके. त्या डावात त्यांच्या हातात तीन एक्के आले. याच्या वर पान नाही. तेवढ्यात अण्णा आले, हातातली पानं हिसकावली, उरलेला जोडही उचलला आणि सगळे पत्ते विहिरीत टाकले. मग देवासमोर उभं करून वदवून घेतलं, की या घरातला पैसा मी पानांवर कधी लावणार नाही.

"मार बसला त्याचं काही नाही," मालक म्हणाले. "पण हातात तीन एक्के होते, बाई. टाकायच्या आधी एकदा बघायचे तरी!"

ती शपथ त्यांनी जशीच्या तशी पाळली. बंदर खात्यातल्या माणसाने नियम पाळावा तशी, म्हणजे अक्षरशः. साइटवर रोज एक फुकट स्पर्धा असायची आणि तीत वरच्या काही जणांना थोडे डॉलर मिळायचे. मालक आठवडेच्या आठवडे तीच खेळले आणि शेवटी थोडे डॉलर जिंकले. मग त्या डॉलरवर सगळ्यात लहान टेबलावर बसायला लागले. घरातला पैसा नाही, म्हणून शपथेला बाध नाही. डॉलर हळूहळू वाढत गेले. ते साइटच्या जोडीच्या एका पैसे पोचवणाऱ्या कंपनीकडे, इंटरनेटवरच्या पाकिटात राहायचे.

"काढून घ्या की थोडे," मी म्हणायचे.

"काढले की घरात येणार. घरात आले की घरातले झाले. मग उद्या खेळू कशावर?"



खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात गप्पांची चौकट असायची. बाकीचे खेळाडू तीत दोन-दोन अक्षरं टाकायचे. मालक तिथे कचेरीतलं इंग्रजी लिहायचे. कुणी बोली वाढवली, की हे एका बोटाने सुरू करायचे, 'रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टु युवर रेज, आय बेग टु फोल्ड.' म्हणजे आपण बोली वाढवलीत त्या संदर्भात पानं टाकण्याची परवानगी असावी. ते संपेपर्यंत वेळ सरायची आणि यंत्र आपणहून त्यांची पानं टाकून द्यायचं. "अर्ज मंजूर झाला," ते म्हणायचे.

ह्या अर्जांना न चुकता उत्तर देणारी एकच बाई होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात राहायची, कोंबड्या पाळायची, आणि तिकडे रात्र असली तरी झोप येत नाही म्हणून खेळायची. खेळ संपला की तिच्या टेबलावर सगळे 'जीजी' लिहायचे. 'गुड गेम'ची ती आद्याक्षरं. पण मालकांना वाटलं, की ही बाई वयाने मोठी, म्हणून सगळे तिला मानाने जीजी म्हणतात. "बघ, अमेरिकेतसुद्धा वडीलधाऱ्यांना मान आहे," ते मला म्हणाले. मी अर्थ सांगितला, पण तोवर उशीर झाला होता. ती जीजी झाली ती झालीच. जीजीच्या कोंबड्यांना रोग आला की मालक हळद घालायला सांगायचे. मालकांच्या हापूसला मोहोर कमी आला की जीजी हळहळायची. तिला आंबा माहीत होता, मोहोर काय ते समजवायला एक अख्खी सकाळ गेली.

त्या वर्षांत भारनियमन होतं. एकदा स्पर्धा रंगात आली असताना लाइट गेले, आणि इन्व्हर्टरही बसला. मालक अंधाऱ्या पडद्यासमोर हात जोडून बसून राहिले. लाइट आल्यावर बघतो तो काय, हे बरेच वर चढलेले! यांच्या जागेवरून यंत्र दर वेळी पानं टाकत होतं आणि तेवढ्यात बाकीचे एकमेकांशी लढून बाद होत होते.

"काही न करता नुसतं खुर्चीवर बसून वर गेलात," मी म्हटलं.

"बंदर खात्यात मला सगळी बढती अशीच मिळाली," मालक म्हणाले.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की जागेच्या अटीचा मला विसर पडला होता. तो पडला नव्हता फक्त मालकांच्या धाकट्या भावाला. ते देवरूखला हेडमास्तर होते, निवृत्त झाले होते, आणि त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांच्या मुलाला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं आणि त्यांच्या मते त्याला आमच्याइतकी मोक्याची जागा दुसरी नव्हती. महिन्यातून एकदा एसटीने यायचे, दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "दादा, चालू आहे का अजून खेळ?"

"चालू आहे."

"बरं," म्हणायचे आणि पुढच्या एसटीने परत जायचे.

२००६ चा पावसाळा सरला आणि एका सकाळी जीजीने चौकटीत लिहिलं, की आता माझं येणं कठीण आहे. आमच्याकडे कायदा झाला.

मी बातम्या शोधून मालकांना समजावून सांगितल्या. अमेरिकेच्या त्या नव्या कायद्याने खेळणाऱ्याला हात लावलेला नव्हता. त्याने बँकांना आणि मधल्या पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांना बजावलं होतं, की जुगाराच्या साइटशी पैशाची ने-आण करायची नाही.

मालक म्हणाले, "म्हणजे माणसाला नाही अडवलं, होडीवाल्याला अडवलं. पलीकडे जायला बंदी नाही, फक्त होडी मिळायची नाही."

इतक्या बातम्या वाचून मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते असं एका वाक्यात आलं. "आणखी एक आहे," मी म्हटलं. "हा कायदा वेगळा केला नाही. दुसऱ्या एका मोठ्या कायद्याला शेवटी जोडून मंजूर करून घेतला."

"कुठल्या?"

"बंदरांच्या सुरक्षेच्या."

मालक उभेच राहिले. "बंदरांच्या? शिंच्यांनो, अख्खी नोकरी बंदर खात्यात केली मी! आणि माझा डाव मोडला तो बंदराच्या कायद्याने?" रागावले होते, पण मधूनच त्यांना हसूही येत होतं. दिवसभर जो येईल त्याला हे सांगत होते. पोस्टमनला दोनदा सांगितलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. आमची ती छोटी साइट अमेरिकन गिऱ्हाइकांवरच चाललेली. पंधरवड्यात तिची सूचना आली. डिअर मिस्टर महादेव, पैशांची टेबलं आम्ही कायमची बंद करत आहोत. पैसे पोचवणारी कंपनीही गाशा गुंडाळत होती. शिल्लक काढून घ्या, नाहीतर नोंदवलेल्या पत्त्यावर आम्हीच चेक पाठवू.

टेबल बंद म्हणजे खेळ बंद, आणि खेळ बंद म्हणजे माझी जागा गेली. मी दुसऱ्या जागांची यादी केली, सगळ्या फिरून आले, आणि एकेक नाव खोडलं. जी परवडत होती तिथे फोनची लाइन नव्हती, जिथे लाइन होती तिथली पागडी माझ्या ऐपतीबाहेर. मालक दहाला यायचे, तीन नंबरसमोर बसायचे, यंत्र सुरूही करायचे नाहीत. कटाकटा सुपारी कातरत राहायचे. इतकी सुपारी झाली, की मी ती डब्यात भरून गिऱ्हाइकांना वाटली.

गुरुजी आले ते मुलाने काढलेला दुकानाचा नकाशा घेऊनच. त्याच दिवशी कुरियरवाल्याने चेक आणून दिला. डॉलरचा, छान जाड कागदाचा. वर नाव होतं आडनाव आणि पुढे महादेव.

मालक बराच वेळ नावाकडे बघत राहिले. रकमेकडे त्यांनी पाहिलंच नाही. "अण्णांना आलाय," ते म्हणाले.

"दादा, तुझा आहे तो."

"माझं नाव दाखव त्यावर कुठे आहे ते."

आम्ही तिघंही बँकेत गेलो. काउंटरवर चिपळूणकडची एक तरुण अधिकारी होती. तिने चेक उलटसुलट बघितला. "हे कोण?"

"वडील," मालक म्हणाले.

"त्यांचं खातं लागेल. सहीला घेऊन या त्यांना."

"कठीण आहे."

"आजारी आहेत का?"

"होते. आता बरं आहे. भिंतीवर असतात."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती सावरून म्हणाली, "तसं असेल तर वारसांना अर्ज करावा लागेल. सगळ्या वारसांच्या सह्या. आणि ही रक्कम मयताला कशापोटी मिळाली ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं."

'वारस' म्हटल्यावर गुरुजी पुढे सरकले. "मी धाकटा मुलगा. माझाही हिस्सा येतो."

"येतो ना," मालक आनंदाने म्हणाले. "घे पेन. तुझं अक्षर चांगलं आहे. लिही. आमचे वडील कैलासवासी महादेव हे मरणोत्तर अमेरिकेतल्या एका कोंबडीवाल्या बाईबरोबर पत्ते खेळून..."

"दादा!" गुरुजी ओरडले. बँकेतली रांग वळून बघायला लागली. "अण्णांनी जन्मात पत्त्यांना हात लावला नाही!"

"लावला होता. विहिरीत टाकताना."

अधिकारी बाईंनी तोंडावर रजिस्टर धरलं. गुरुजींनी पेन खाली ठेवलं. हेडमास्तर होते ते. असलं प्रतिज्ञापत्र देवरूखला कळलं असतं, तर बाजारात फिरता आलं नसतं. चेक परत पाकिटात गेला. मालकांनी बाहेर आल्यावर आम्हाला कोकम सरबत पाजलं आणि स्वतः दोन ग्लास प्यायले. "पैसा आला, पण घरात नाही आला," ते म्हणाले. "अण्णांचा अण्णांकडे राहिला. याहून सरळ हिशेब कुठला?"

दुसऱ्या दिवशी मालक दहाच्या आधीच हातोडी घेऊन दुकानात आले. घरातला अण्णांचा फोटो त्यांनी माझ्या दुकानात, तीन नंबरच्या समोरच्या भिंतीवर लावला. खाली चेक, काचेच्या चौकटीत. अण्णांच्या मिशा, करारी डोळे आणि त्याखाली अमेरिकेची सही.

मुक्कामाला राहिलेले गुरुजी नकाशा घेऊन मधल्या दारात उभे होते. "दादा, हे झालं. आता जागेचं बोलूया. खेळ संपला ना?"

मालक बाहेर गेले, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आले आणि खुर्चीत बसून यंत्र सुरू केलं. सवयीने साइट उघडली. ती उघडली! पैशांची टेबलं गेली होती, पण त्या जागी नुसत्या करमणुकीची टेबलं मांडली होती. डिअर मिस्टर महादेव, आपल्यासाठी बोली लावायला एक हजार चिप्स.

"बाई, हे खरे की खोटे?"

"खोटे. यांचे पैसे होत नाहीत. म्हणून कायद्यालाही अडचण नाही."

"म्हणजे चिंचोके!" मालक इतक्या मोठ्याने म्हणाले, की बाहेरची सायकल थांबली. "अगो, चिंचोके दिलेत अण्णांना!"

आणि टेबलावर जीजी बसलेली होती. पैशाची होडी बंद झाली तरी चिंचोक्यांवर खेळायला तिला कुणाचीच मनाई नव्हती. मालकांनी बोट उचललं आणि लिहायला घेतलं, 'रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टु युवर लाँग ॲबसेन्स...'

"हा काय खेळ झाला?" गुरुजी म्हणाले. "सगळं खोटं!"

"लहानपणी ओंजळभर चिंचोके माझ्याकडे हरलास आणि आईकडे जाऊन रडलास. ते रडणं खोटं होतं काय रे?"

गुरुजींनी हातातला नकाशा खाली केला. मग हळूच म्हणाले, "तू पानं लपवली होतीस."

"बाईला मी शब्द दिलाय, खेळतोय तोवर जागा तिची. पैशाचा त्यात उल्लेख नाही. तुझ्या मुलाला सांग, देवरूखला माणसं फोनवर बोलत नाहीत काय? तिथे टाक म्हणावं दुकान."

त्याने तिथेच टाकलं, आणि चांगलं चाललं. गुरुजी त्या दिवशी दुपारच्या एसटीने जाणार होते, ते संध्याकाळच्या गाडीने गेले. मधला सगळा वेळ स्टूल ओढून वर्तमानपत्राच्या पलीकडे काय चाललंय ते बघायचा प्रयत्न करत होते. मालक वर्तमानपत्र आणखी वर धरत होते.

आता कॅफे राहिले नाहीत. त्याच जागेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम चालतं. फॉर्ममध्ये पहिलं नाव, शेवटचं नाव आलं, की मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारून घेते. पण मालक आठवतात ते अण्णांचा फोटो लावला त्याच सकाळचे. साडेबाराच्या सुमाराला कटाकटा चाललेला अडकित्ता एकदम थांबला. सगळ्या दुकानाने टायपिंग थांबवलं. मालकांचा चेहरा दगडासारखा झाला होता. जिवंत माणसाला ज्यांनी कधी पान दिसू दिलं नाही, त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी तो जड मॉनिटर धरला आणि सावकाश समोरच्या भिंतीकडे वळवला.

"अण्णा," ते म्हणाले, "आधी नीट बघून घ्या. मग टाका विहिरीत."